सरांचा आवाज

“सर विचारतायत, सहा कशावरून?” यामिनीताई म्हणाली.

उत्तर मी सरांकडे बघून दिलं. इटालियनमध्येच, सावकाश, क्रियापदं जपत. “कवितेतच आहे. फुलाच्या पेल्यात सहा पिवळ्या पाहुण्या बसल्यात, असं तिनं लिहिलंय. वसंतात फुलणाऱ्या क्रोकसला तीनच पुंकेसर असतात. सहा असले तर ते क्रोकस नव्हे, कोल्किको. दिसायला दोन्ही सारखी, जांभळट. पण कोल्किको शरदात फुलतं. आणि पान नसताना फुलतं. पुढच्या ओळीत ‘ती आली उघडी, अंगावर पान नाही’ असंही आहे.”

प्राध्यापक मारांगोन टेबलावर झुकून ऐकत होते. हातात टोक नसलेली पेन्सिल. कशावरही काही लिहायचं नाही, जे सांगायचं ते समोर बसवून तोंडी सांगायचं, ही त्यांची पद्धत. पूर्वी त्यांचं व्याख्यान ऐकायला इतर विभागांतली मुलं यायची म्हणे. मी पोचले तोवर त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया होऊन गेली होती. आवाज उरला नव्हता, नुसता वारा उरला होता. हातभर अंतरावरच्या माणसालाही काही ऐकू जात नसे. त्यामुळं यामिनीताई त्यांच्या डाव्या हाताला खुर्ची लावून बसे, कान त्यांच्या तोंडाशी नेई आणि ते बोलत ते मोठ्यानं म्हणे. इटालियन मुलांना इटालियनमध्ये, मला मराठीत. “मराठीतच सांगत जाईन गं तुला, लवकर डोक्यात जातं,” असं ती पहिल्याच महिन्यात म्हणाली होती आणि तेव्हा ते खरंही होतं. पुढं माझं इटालियन सुधारलं तरी सवय तीच राहिली.

मी मूळची वनस्पतिशास्त्राची. कोल्हापूरला एम.एस्सी. केलं, नंतर हर्बेरियममध्ये सुकवलेली पानं कागदावर चिकटवायचं आणि त्यांना नावं द्यायचं काम केलं. वनस्पतींची जुनी इटालियन वर्णनं वाचायची म्हणून भाषा शिकायला लागले, आणि वर्णनांपेक्षा भाषेतच जास्त अडकले. शिष्यवृत्ती मिळाली तशी वेनिसपासून तासाभरावरच्या एका विद्यापीठाच्या गावात इटालियन भाषा-साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासाला आले. सतराव्या शतकातली कविता मी शब्दकोश घेऊन वाचू शकायचे. बेकरीत पाव मागताना मात्र ततपप व्हायचं.

सिस्टर दोरोतेआची ओळख मला यामिनीताईनंच करून दिली. ही सतराव्या शतकातली, एका मठातली जोगीण. मठाच्या बागेतल्या फुलांवर तिच्या कविता आहेत, पण सुटी पानं, क्रम लावलेला नाही. विभागात मानलेला क्रम असा होता की या सगळ्या कविता ईस्टरआधीच्या उपासाच्या काळातल्या आहेत आणि फुलं म्हणजे उपासाची, पश्चात्तापाची प्रतीकं. यामिनीताईचा आधीच्या वर्षीचा प्रबंध त्याच क्रमावर होता. मी मात्र सवयीनं फुलांचे अवयव मोजत गेले आणि मला दिसलं की दोरोतेआ प्रतीकं रचत नव्हती. ती बागेत उभी राहून बघत होती. जे फूल ज्या आठवड्यात उमलेल ते लिहीत होती. क्रम उपासाचा नव्हताच. वर्षभराचा होता.

सरांनी माझं ते प्रकरण उघडून ठेवलं होतं. ते यामिनीताईकडे कलले आणि बराच वेळ बोलले. ओठ हलताना दिसत होते. मध्येच त्यांनी पान दोनदा थोपटलं. यामिनीताईनं हळू आवाजात काहीतरी उलट विचारलं. सर पुन्हा बोलले. मग ती सरळ बसली.

“सर म्हणतायत, हुशारीचं काम आहे.”

माझा जीव भांड्यात पडला.

“पण काढून टाक.”

“काढू? पूर्ण प्रकरण?”

“पूर्ण. सहा म्हणजे देवानं सृष्टी केली ते सहा दिवस, असं सर म्हणतात. ही कविता उपासाच्याच काळातली. साहित्याच्या प्रबंधात पुंकेसर मोजत बसलीस तर परीक्षक मंडळ हसेल, म्हणतात. उपासाचा क्रम धरून नव्यानं लिही.”

मी मान खाली घातली. टेबलाच्या कडेचं लाकूड उकललेलं होतं, तेवढंच बघत राहिले. सरांनी भुवया उंचावून यामिनीताईला काही विचारलं. तिनं त्यांच्या कानात काही सांगितलं. ते हसले आणि दोन्ही हात जोडून मला नमस्कारासारखं काहीतरी केलं.

“काय म्हणाले?”

“काही नाही गं. वाईट वाटून घेऊ नकोस म्हणाले.”

आम्ही बाहेर कमानींखाली आलो. यामिनीताईनं माझ्या दंडाला धरलं.

“तोंड पाडू नकोस, मंजू. गाइड म्हणजे सासू. पहिल्या वर्षी तिच्या हातचं मीठ खायचं, पुढं आपलं घालायचं.”

“पण ताई, सहाच आहेत. मी बागेत जाऊन फुलं उघडून बघितलीत.”

“असू देत की. तू बरोबर आहेस हे तुला माहितेय, मला माहितेय. तुला जागा हवीय की बरोबर असायचंय?”

जागा हवी होती. डॉक्टरेटची एकच जागा त्या वर्षी निघणार होती, विद्यावेतनासह. त्यासाठी पदव्युत्तर प्रबंधाला पूर्ण गुण लागत, आणि पूर्ण गुणांसाठी गाइडची शिफारस. जागा मिळाली तर मी राहून दोरोतेआच्या कवितांची आवृत्ती करणार होते. नाही मिळाली तर ऑगस्टात माझा राहण्याचा परवाना संपत होता.

“तू अर्ज करणार नाहीस ना?” मी विचारलं.

“मी? छे. आई म्हणते, पुण्याला ये, क्लास काढ. मी आता म्हातारीच होणार इथं, दुसऱ्याचं बोलणं बोलत.” ती हसली. “चल, आज मक्याच्या पिठाचं थालीपीठ लावते. तुझा तो उतरलेला चेहरा बघवत नाही.”

हे सांगायला हवं, की ती माझ्याशी फार चांगली वागली होती. मला खोली तिनं शोधून दिली. मला ताप आला तेव्हा तिनं माझ्या डोक्यावर तेल थापलं आणि उशाशी बसून इटालियन भाजीवाल्याची नक्कल करत राहिली, मला हसून हसून खोकला येईपर्यंत. मी तिला ताई म्हणायचे ते तोंडदेखलं नव्हतं. घरी मला मोठी बहीण नाही.

फेब्रुवारीतली ती भेट परीक्षेआधीची शेवटचीच ठरली. त्यानंतर सरांची तब्येत बिघडली आणि ते समुद्रकाठच्या गावी मुलीकडे राहायला गेले. दर आठवड्याला यामिनीताई आगगाडीनं तिकडं जाई, सगळ्यांची प्रकरणं नेई आणि येताना सगळ्यांना त्यांचे निरोप सांगे. मला सांगे, “ठीक आहे म्हणाले. पुढं जा.”

मी पुढं गेले. उपासाच्या चाळीस दिवसांत सगळ्या फुलांना बसवलं. बसत नव्हती. आमच्याकडे डोंगरउतारावर रानकांदा उन्हाळ्यात पानं नसतानाच फुलतो. त्याला कुणी पावसाळ्यातलं फूल म्हटलं असतं तर मी त्या माणसाला चुकीचं ठरवून पुढं गेले असते. इथं मी स्वतःच ते करत होते, आणि तळटिपा घालून करत होते. एकदा यामिनीताईला म्हटलं, “मीच सरांकडे येते एकदा. समोर बसून विचारते.”

“ये की. पण त्यांना दम लागतो गं. परवा त्या मिलानच्या मुलाला सरांच्या मुलीनं दारातूनच परत पाठवलं.” जरा थांबून म्हणाली, “तुझा माझ्यावर भरवसा नाही का?”

मी गेले नाही.

जुलैत प्रबंधाची जाहीर परीक्षा झाली. तिथं असं असतं की सगळं उघड्या सभागृहात होतं. लांब टेबलामागं परीक्षक मंडळ, समोर एकट्या खुर्चीवर विद्यार्थी, मागच्या बाकांवर ज्याला यायचं तो येतो. मित्र लॉरेलच्या पानांचा मुकुट आणतात आणि निकाल लागला की डोक्यावर घालतात. हे झाड आपल्या तमालपत्राच्याच कुळातलं. यामिनीताईनं माझ्यासाठी मुकुट आणला होता, पुठ्ठ्याच्या खोक्यात, ओल्या फडक्यावर ठेवून.

सर आले. खूप वाळले होते. यामिनीताई नेहमीसारखी त्यांच्याशेजारी खुर्ची ओढायला गेली, तेव्हा प्राध्यापिका दाल बोन म्हणाल्या, “टेबलामागं फक्त मंडळ.” दाल बोनबाई माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या परीक्षक. त्यांचं काम प्रबंधावर हल्ला चढवायचं, आणि त्या ते काम मनापासून करतात असं सगळे म्हणत.

“पण प्राध्यापकांचं बोलणं कुणाला ऐकू जाणार नाही,” यामिनीताई म्हणाली.

“म्हणून माइक मागवलाय.”

“त्यांच्या घशाला त्रास होईल.”

“ते त्यांना ठरवू दे,” दाल बोनबाई म्हणाल्या. शिपायानं छोटा काळा माइक सरांच्या ओठांशी वाकवून ठेवला. यामिनीताई येऊन तिसऱ्या रांगेत बसली. खोकं मांडीवर.

मी माझं निवेदन केलं. पाठ केलेलं होतं, अडखळले नाही. दाल बोनबाईंनी चष्मा लावला, पान उघडलं.

“ही सहा पाहुण्यांची कविता. तुम्ही म्हणता हे वसंतातलं क्रोकस.”

“हो.”

“मी इतिहासाची बाई आहे. मला फुलातलं कळत नाही, म्हणून मी शेजारच्या विभागात जाऊन विचारलं. क्रोकसला किती पुंकेसर असतात?”

सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली.

“तीन,” मी म्हटलं.

“तीन. आणि कवितेत सहा. तुमच्या अर्जात लिहिलंय, तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या पदवीधर आहात. तुम्ही मोजले नाहीत?”

“सहा म्हणजे... सृष्टीचे सहा दिवस.”

“ते तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी सरांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला समजणार नाही असं काहीतरी होतं. मला वाटलं, आता ते बोलतील. गाइड आहेत. टेबलाच्या त्या बाजूला असले तरी माझ्या बाजूचे आहेत. ते बोलले नाहीत.

“मी मोजले होते,” मी शेवटी म्हटलं. “त्यावर एक पूर्ण प्रकरण होतं. ते काढायला मला सांगण्यात आलं.”

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. दाल बोनबाईंनी चष्मा काढला आणि सरांकडे वळल्या. “प्राध्यापक मारांगोन?”

सरांनी माइक जवळ ओढला. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग शब्द. खरखरीत, पण स्वच्छ. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. एकेक शब्द सुटा, मुद्दाम सावकाश बोललेला. परक्या माणसाला कळावं म्हणून बोलतात तसा.

“हे खरं नाही,” ते म्हणाले. “प्रकरण होतं, हे खरं आहे. फेब्रुवारीत मी ते वाचलं. मी उमेदवाराला सांगितलं, तुमच्या प्रबंधातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट. मी तीस वर्षं चुकीचं शिकवत आलो. बाकीचं सगळं वगळलं तरी चालेल, हे ठेवा.” ते थांबले, पाणी प्याले. “हे ऐकून त्यांनी मान खाली घातली. मला कळेना. मी विचारलं, या नाराज का झाल्या? तर मला सांगण्यात आलं की त्यांच्या देशात कौतुक झालं की मान खाली घालायची रीत आहे. मला ती रीत फार आवडली. नंतर प्रबंध आला तेव्हा त्यात ते प्रकरण नव्हतं. मला वाईट वाटलं. पण प्रबंध ज्याचा त्याचा असतो.”

मी मागं वळून बघितलं नाही. मला आठवतंय, माझं लक्ष माइकच्या तारेवर होतं. ती टेबलाच्या पायाभोवती दोनदा गुंडाळली होती.

“मंडळ विचार करील,” दाल बोनबाई म्हणाल्या. “सगळ्यांनी बाहेर जावं.”

बाहेरच्या ओसरीत मुलं आपापल्या घोळक्यांत उभी राहिली. दुसऱ्या सभागृहातल्या परीक्षेसाठी माइक हवा म्हणून शिपाई तो आतून घेऊन गेला, तार दंडाला गुंडाळत. यामिनीताई पाण्याची बाटली घेऊन माझ्याकडे आली.

“मंजू, पाणी पी.”

“त्या दिवशी सर काय म्हणाले होते?”

“इथं नको.”

“इथंच. इथं मराठी कुणाला कळतंय?”

तिनं बाटलीचं झाकण लावलं. घट्ट लावलं. “त्यांची औषधं चालू होती गं तेव्हा. त्यांना नीट आठवत नसेल...”

“ताई.”

“तेच म्हणाले होते,” ती म्हणाली. “आत्ता म्हणाले तेच.”

“सगळं?”

“सगळं नाही. आत्ता त्यांनी थोडं गाळलं. त्या दिवशी असंही म्हणाले, की यामिनीला सहा वर्षांत जे दिसलं नाही ते हिला एका वर्षात दिसलं, तिला सांग. मला म्हणाले. माझ्या कानात. तिला सांग.” तिचा आवाज चढला तशी तिनं तो लगेच खाली आणला. “कुणाला जमलं असतं गं? तुला जमलं असतं?”

“मला माहीत नाही.”

“माझं पुस्तक छापायला गेलं होतं. उपासाच्या क्रमाचं. सरांची प्रस्तावना घेऊन. ते परत मागवावं लागलं असतं.”

“मला सांगायचंस. मी थांबले असते.”

“तू? तू थांबली असतीस? एक पाकळी जास्त झाली तर तुला जेवण जात नाही.”

“म्हणून पुस्तकासाठी?”

तिनं बाटली दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, “अर्ज पण केलाय मी. जागेसाठी.”

“तू पुण्याला जाणार होतीस.”

“पुण्यात कोण बसलंय माझी वाट बघत? तुझं बरंय, मंजू. नाही जमलं तर कोल्हापूरला जाशील, पानं चिकटवशील. तुझ्या हातात काहीतरी आहे. मला काय येतं? एक म्हातारा माणूस बोलतो ते मोठ्यानं म्हणायला येतं. ते संपलं की मी कोण?”

“आणि कौतुक झालं की मान खाली घालतात, हे?”

ती हसली. खरंच हसली, आम्ही स्वयंपाकघरात हसायचो तशी. “ते आयत्या वेळी सुचलं. पण त्यांना किती आवडलं बघ ना.”

मला त्या हसण्याचा अजून राग येतो. बाकीच्या गोष्टींची कारणं मी लावून बघितली आहेत, लागतात. याचं लागत नाही.

सभागृहाचं दार उघडलं. आम्हाला आत बोलावलं.

मी माझ्या खुर्चीवर बसणार तोच दाल बोनबाई म्हणाल्या, “उभ्याच रहा. मंडळाचं एकमत नाही. जे प्रबंधात आहे ते पूर्ण गुणांचं नाही. जे प्रबंधात नाही ते कदाचित आहे. असा प्रसंग आला की आम्ही गाइडचं ऐकतो. प्राध्यापक मारांगोननी शिफारस केली तर पूर्ण गुण देऊ. त्यांना आधी उमेदवाराला एक प्रश्न विचारायचाय.”

सरांनी समोर बघितलं, माइक नव्हता. मग त्यांनी सवयीनं डावा हात वर करून बोटं हलवली. यामिनीताईला बोलवायची ती त्यांची खूण होती. ती तिसऱ्या रांगेतून उठली, खोकं बाकावर ठेवलं आणि टेबलामागं जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला वाकली. या वेळी दाल बोनबाईंनी तिला अडवलं नाही.

सरांचे ओठ हलले. ती सरळ झाली.

“प्राध्यापक विचारतात,” ती इटालियनमध्ये म्हणाली, आवाज नेहमीसारखा, खणखणीत, “प्रकरण काढताना तुम्हाला काय वाटलं?”

सरांनी भुवया आक्रसल्या आणि मान हलवली. नाही.

तोवर मी निघाले होते. त्या सभागृहात विद्यार्थी टेबल ओलांडत नाही. मी टेबलाच्या कडेनं वळसा घालून मागं गेले. मंडळातल्या एका गृहस्थांना पाय आखडून घ्यावे लागले. सरांच्या उजव्या बाजूला वाकून मी माझा कान त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांच्या कोटाला कापराचा वास होता. दुसऱ्या बाजूला यामिनीताई होती. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर.

“त्या दिवशी मी काय म्हणालो, असं तुम्हाला सांगितलं गेलं?” सरांनी विचारलं.

मला प्रत्येक शब्द कळला.

कुणी कुजबुजत विचारलं की आपण कुजबुजतच उत्तर देतो. मोठ्यानं बोलायला हवं, हे मला सुचलंच नाही. मी त्यांच्या कानात सगळं सांगितलं. काढून टाक, सृष्टीचे सहा दिवस, मंडळ हसेल, ठीक आहे पुढं जा. फार वेळ लागला नाही. सांगत असताना यामिनीताई हलली नाही. सभागृहाला दिसत असणार ते एवढंच, की एका म्हाताऱ्या माणसावर दोन बाजूंनी दोन मुली वाकल्या आहेत.

सरांनी डोळे मिटले. मिटलेल्या पापण्या थोडा वेळ हलत राहिल्या. मला वाटलं, आता ते उठतील, टेबलावर हात आपटतील, काहीतरी करतील. त्यांनी यामिनीताईकडे बघितलंसुद्धा नाही. डोळे उघडले ते माझ्याकडे वळून.

“तुमचं खरं आहे,” ते म्हणाले. “मला वाटलंच होतं.” श्वास घेतला. “पण माझं एक पुस्तक अजून व्हायचंय. डॉक्टर म्हणतात, दोन वर्षं, फार तर तीन. मला हिच्याशिवाय बोलता येत नाही. आणि जागा एकच आहे.”

मी तशीच वाकलेली राहिले.  “मी बोलेन तुमच्यासाठी,” असं मी म्हटलं असतं तर, हा विचार मला पुढं विमानात आला. पण माझं इटालियन तसं नव्हतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

“प्राध्यापक?” दाल बोनबाई म्हणाल्या. “शिफारस आहे का?”

सरांनी तोंड दुसरीकडं वळवलं, यामिनीताईच्या कानाकडं, आणि काही शब्द बोलले. तिनं ओठ घट्ट मिटले, मग केस कानामागं सारले आणि सरळ उभी राहिली.

“प्राध्यापक मारांगोनना शिफारस करायची नाही,” ती सभागृहाला म्हणाली. “प्रबंध ज्याचा त्याचा असतो, असं ते म्हणतात.”

मी अजून वाकलेलीच होते, त्यामुळं मला दोघांचंही ऐकू आलं होतं. या वेळी तिनं एकही शब्द बदलला नव्हता.